व्हरांड्यातलं परराष्ट्र धोरण

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा लेखक १८५१ साली साताऱ्यात जन्मला. वडील स्कॉटिश मिशनरी. मुलगा इथेच वाढला, मुंबई विद्यापीठात शिकला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवलं आणि १८७६ साली सरकारच्या कस्टम्स आणि मीठ खात्यात लागला. लिहिताना तो पूर्ण नाव वापरत नसे, नुसती आद्याक्षरं: ईएचए. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू केली, त्या आठांतला हा एक. सोसायटीचा पहिला मानद सचिवही तोच. मी साताऱ्यात शाळेला होतो. जिल्ह्यातल्या थोर माणसांची यादी आम्हाला तोंडपाठ होती, पण त्यात हे नाव कधी ऐकलं नाही. ते बरोबर की चूक, हे लेख संपेपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा.

त्याच १८८३ साली त्याचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक आलं. नाव मराठीत आणायचं तर ‘माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या’. उपशीर्षकात तो याला एका निसर्गप्रेमीचं परराष्ट्र धोरण म्हणतो. आता या टोळ्या कोण? उंदीर, डास, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळं, गांधीलमाश्या, कोळी, बेडूक, ढेकूण, वाळवी. प्रत्येकाला एकेक प्रकरण. आणि सरहद्द म्हणजे त्याच्या बंगल्याचा व्हरांडा. त्या काळातल्या साहेब लोकांच्या पुस्तकात वाघाच्या शिकारीचं प्रकरण जवळजवळ सक्तीचं असायचं. इथे ते नाही. आरामखुर्चीत बसल्या बसल्या जे दिसतं, त्याच्यावर हा माणूस अख्खं पुस्तक लिहितो.

पुस्तक कॉपीराइटमधून कधीच मोकळं झालंय, इंटरनेटवर फुकट मिळतं. मी ते फोनवर, बरंचसं कॅबमध्ये वाचलं. आज त्याच्याबद्दल लिहायचं कारण असं, की प्राणी-किडे बघायच्या आपल्या सध्याच्या दोन सवयी, म्हणजे वीकेंडची ट्रिप आणि घरातली बाल्कनी, या दोन्हींबद्दल हे जुनं पुस्तक बरंच काही सांगतं. त्यातलं अर्धं उचलण्यासारखं आहे. उरलेलं अर्धं आपण न वाचताच उचललेलं आहे, आणि माझी तक्रार त्याबद्दल आहे.

एका किड्याची दोन प्रकरणं

आधी उचलण्यासारखं. या पुस्तकात फुलपाखरावर एकामागोमाग एक दोन प्रकरणं आहेत. पहिलं त्याला पकडण्याबद्दल, दुसरं त्याच्याकडे नुसतं बघत बसण्याबद्दल. मला ही जोडी पुस्तकाची किल्ली वाटते. जाळं घेऊन मागे धावण्यातली मजा एटकेन नाकारत नाही, पण तिथे थांबतही नाही. पकडून टाचणीला टोचलेलं फुलपाखरू म्हणजे फक्त एक नाव. ते खातं काय, अंडी कुठे घालतं, कशाला घाबरतं, हे कळायला जाळं बाजूला ठेवावं लागतं. पुढे डेव्हिडसन आणि बेल या दोघांबरोबर त्याने उत्तर कॅनरातल्या फुलपाखरांवर सोसायटीच्या जर्नलमध्ये सविस्तर लिहिलं. त्या लेखनाचं मोल अळी, कोश आणि त्यांच्या खाण्याच्या झाडांच्या नोंदींत आहे. पंखांचं वर्णन तर कुणीही करतं.

हे काम घरी किती सोपं आहे, याचा अंदाज बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी ठेवली की येतो. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरही लिंबाळी फुलपाखरू ती कुंडी शोधून काढतं. कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं अंडं. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग, म्हणजे कुणी खायच्या भानगडीत पडू नये. मोठी झाली की कात टाकते आणि एकदम पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने हळूच डिवचलं, तर डोक्यामागून शिंगासारखा दुभंगलेला एक नारिंगी अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. मग कोश. सगळं मिळून साधारण महिनाभराचं काम.

कधीकधी मात्र कोशातून फुलपाखरू बाहेर पडतच नाही. कोशाला एक बारीक भोक पडतं आणि त्यातून चिलटाएवढ्या गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईने तिथे आधीच अंडी घालून ठेवलेली असतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाईट वाटलं. दुसऱ्यांदा मी भिंग घेऊन बसलो. तिसऱ्यांदा प्रश्न पडला: कुंडीतल्या पाच कोशांपैकी दोनच का गेले? फोनवर आईचं मत स्पष्ट होतं: “अरे, अळी लागलीये झाडाला, औषध मार की!” तिच्या दृष्टीने ते झाड आमटीसाठी आहे, आणि तेही खरंच आहे. आता दोन कुंड्या आहेत, एक आमटीची, एक अळ्यांची.

सांगायचा मुद्दा हा, की असा प्रश्न तिसऱ्या खेपेलाच पडतो. पहिल्या खेपेला आपण फक्त ‘वा!’ म्हणतो. तीच गोष्ट पुन्हा बघितली की आधीच्या वेळेपेक्षा काय वेगळं घडलं ते दिसू लागतं. एटकेनच्या पुस्तकातला आनंद सगळा या पुनरावृत्तीतून येतो. वर्षानुवर्षं तेच कावळे, त्याच पाली. म्हणून तर तो त्यांच्या खोड्या सांगू शकतो. एकदाच भेटलेल्या माणसाच्या खोड्या कुणाला सांगता येतात?

ट्रिपमध्ये काय दिसतं

आता आपली ट्रिप. मे संपता संपता पुण्या-मुंबईतून गाड्या भंडारदऱ्याकडे, राजमाचीकडे, पुरुषवाडीकडे निघतात. कारण काजवे. मीही जातो, आणि जाऊ नका असं अजिबात म्हणणार नाही. सादड्याचं किंवा बेहड्याचं झाड अंधारात एका लयीत चमकताना पाहणं हा आयुष्यात एकदा तरी घ्यावा असा अनुभव आहे. पण आपण तिथे जातो ते एका फोटोचा पाठलाग करत, आणि तो फोटो काय असतो हे नीट समजून घ्यायला हवं.

जंगल सोनेरी ठिपक्यांनी ओतप्रोत भरलंय, असा तो फोटो तुम्ही पाहिलेला असणार. तो एका क्षणाचा नसतो. कॅमेरा तिवईवर ठेवून एकामागून एक लांब एक्स्पोजर घेतात, बऱ्याचदा तास-दोन तास, आणि मग त्या सगळ्या फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक चढवतात. म्हणजे त्या चित्रातला प्रत्येक ठिपका खरा, पण सगळे एकत्र कुणाच्याही डोळ्याला कधीच दिसलेले नाहीत. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. उलट तो फोटो एका गोष्टीचा पुरावा आहे: काढणारा माणूस एका झाडासमोर दोन तास जागचा हलला नाही. आपल्यापर्यंत मात्र त्या दोन तासांची फक्त बेरीज येते. वाट पाहणं त्यातून गळून गेलेलं असतं. मग आपण चार-पाच तास गाडी चालवून पोहोचतो, दहा मिनिटं बघतो, आणि गाडीतला कुणीतरी म्हणतो, “फोटोत जास्त होते यार.”

त्या दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट घडते. काजव्यांचा उजेड हा निरोप असतो. नर उडत उडत चमकतो, मादी बहुधा बसल्या जागेवरून उत्तर देते. जोडीदार शोधायला त्यांच्याकडे थोडेसेच आठवडे असतात. आयुष्याचा मोठा भाग आधीच गेलेला असतो, जमिनीलगत, अळी म्हणून, गोगलगाई खात. अशा वेळी हेडलाइट, टॉर्च आणि फोनचे फ्लॅश म्हणजे दोघांच्या बोलण्यात कुणीतरी भोंगा लावावा तसं. ज्याला आपण शो म्हणतो, ते त्यांच्या वर्षभराच्या तयारीचं शेवटचं आणि सगळ्यात घाईचं काम असतं.

फोटोचा दुसरा प्रकार मॅक्रोचा. कोळ्याचे आठ डोळे, चतुराच्या पंखांची जाळी. सुंदर असतात, आणि यातलेही बरेच अनेक फ्रेम जोडून केलेले असतात. शिवाय किड्याने हलू नये म्हणून त्याला आधी फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत काही लोकांत आहे. असा फोटो बघताना मला एटकेनची ती दोन प्रकरणं आठवतात. हे सगळं पहिल्या प्रकरणातलं काम आहे. जाळ्याच्या जागी लेन्स आली, एवढाच फरक.

नोंद आणि गोष्ट

मग ॲप. आयनॅचरलिस्ट माझ्या फोनवर बरीच वर्षं आहे. २००८ साली बर्कलीतल्या तीन विद्यार्थ्यांनी मास्टर्सचा प्रोजेक्ट म्हणून ते सुरू केलं. फोटो, तारीख आणि जागा द्यायची, ॲप अंदाज सांगतं, मग जगभरातले लोक ओळख पटवतात. दोन तृतीयांशांहून जास्त जण एका प्रजातीवर सहमत झाले की नोंदीला ‘रिसर्च ग्रेड’चा शिक्का मिळतो. रचना म्हणून मला ती फार आवडते. कुठला जीव कुठे आणि कधी दिसतो, याचा एवढा मोठा साठा हौशी लोकांनी उभा केला, ही लहान गोष्ट नाही.

पण ॲप हीसुद्धा एक लेखनपद्धत आहे आणि तिला तिचं व्याकरण आहे. तिचा पहिला आणि मोठा प्रश्न असतो: हा कोण? उत्तर मिळालं की हिरवा शिक्का, की पुढचा. ‘हा इथे काय करतोय’ आणि ‘काल काय करत होता’ यासाठी रकाने शोधावे लागतात, आणि ते कुणी फारसं भरत नाही. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक नोंद सुटी ओळ असते. आमच्या ट्यूबलाइटमागे राहणारी पाल, जिची शेपटी पावसाळ्यात तुटली आणि दिवाळीपर्यंत आखूड, फिकट अशी परत आली, ती ॲपमध्ये तीन वेगवेगळ्या पाली म्हणून आहे. तीन शिक्के मिळाले. शेपटीची गोष्ट कुठेच नाही.

माझ्या कामात सिस्टीम बिघडली की आम्ही स्क्रीनशॉट मागत नाही, लॉग मागतो. एका क्षणी काय दिसत होतं यापेक्षा ओळीने काय काय घडत गेलं, ते महत्त्वाचं. प्राण्यांच्या बाबतीत आपल्याकडे स्क्रीनशॉटांचा ढीग आहे आणि लॉग जवळपास नाहीत. मराठीत ही लॉग ठेवायची परंपरा चांगली होती. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ महिन्यामागून महिना चालतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळीतला प्रत्येक वानर वेगळा आहे, कारण लेखकाने त्यांना ‘वानर’ म्हणून एकदाच ओळखून विषय संपवलेला नाही.

एवढं सगळं एटकेनच्या बाजूने. आता उलट बाजू.

मीठ खात्यातला निसर्गप्रेमी

पुस्तकातल्या गावाला तो ‘डस्टीपूर’ म्हणतो, आपण धूळवाडी म्हणू. हे गाव म्हणजे कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचं खाराघोडा. खाराघोडा मिठासाठी ओळखलं जातं, आणि एटकेन मीठ खात्यात होता. या खात्याचं काम म्हणजे मिठावर कर वसूल करायचा आणि कर चुकवून कुणी मीठ बनवत किंवा नेत असेल तर पकडायचं. समुद्राच्या किंवा रणाच्या काठी राहणाऱ्या गरिबाने स्वतःपुरतं मीठ केलं तर तो गुन्हा. १९३० मध्ये गांधीजी दांडीला चालत गेले ते याच कायद्याविरुद्ध.

हे लक्षात ठेवून पुस्तकाचं नाव परत वाचा. माझी सरहद्द. टोळ्या. परराष्ट्र धोरण. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांशी इंग्रज सरकारचं तेव्हा जे चाललं होतं, त्याची ही गंमतीदार नक्कल आहे. पुस्तकाची सुरुवातही दरबाराने होते. विनोद चांगला जमलाय. मी अनेक ठिकाणी हसलो. पण विनोदाचा पाया असा, की घर माझं, मी इथला राजा, आणि बाकी सगळे जीव म्हणजे कह्यात ठेवायची किंवा कौतुकाने बघायची प्रजा. उंदीर आणि डास शत्रू. पाल बरी, कारण ती कामाची. कावळा म्हणजे इब्लिस. प्रत्येकाची किंमत साहेबाच्या सोयीवर ठरते.

‘किड्यांबद्दलच तर आहे, एवढं काय त्यात,’ असं म्हणता आलं असतं. पण एटकेनने सहा वर्षांनी, १८८९ साली, दुसरं पुस्तक काढलं: ‘बिहाइंड द बंगलो’. बंगल्याच्या मागे कोण राहतं? नोकर. बॉय, घोडावाला, हमाल, धोबी, आया, माळी. प्रत्येकाला एकेक प्रकरण. रचना तीच, बारकाई तीच, विनोदाचा सूरही तोच. आधीच्या पुस्तकात जिथे मुंगी होती तिथे आता माळी आहे. त्याच्या सवयी, त्याच्या खोड्या, त्याचा उपद्रव आणि उपयोग. व्हरांड्यातली नजर घराला वळसा घालून मागच्या दारी गेली आणि माणसावर येऊनही तिच्यात बदल झाला नाही.

एटकेन दुष्ट होता असं मला वाटत नाही. नोकरांकडे तो बऱ्याच साहेबांपेक्षा जास्त लक्ष देत होता. म्हणूनच मला हे जास्त गंभीर वाटतं. लक्ष देणं म्हणजेच आदर, असं निसर्गावर लिहिणारे आपण गृहीत धरतो. नीट बघायला शिकलो की माया आपोआप येते, असं पालकांना, शाळांना आणि इन्स्टाग्रामला सांगत असतो. या दोन पुस्तकांची जोडी त्याला उत्तर आहे. अतिशय बारीक लक्ष आणि पूर्ण मालकी या दोन गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात.

आमच्या सोसायटीची सरहद्द

हे दीडशे वर्षांपूर्वीचं प्रकरण म्हणून बंद करता आलं असतं, जर आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप नसता. तिथे एका आठवड्यात, एकाखाली एक, हे विषय आले: पारव्यांसाठी डक्टला जाळी बसवणे, पेस्ट कंट्रोलची तारीख, भटकी कुत्री, आणि घरकामाला येणाऱ्या बायकांनी दुपारी बागेतल्या बाकांवर बसू नये. चौथा विषय पहिल्या तिघांच्याच सुरात होता. कुणाला खटकलं नाही. तीन अंगठे आले. ‘ट्राइब्ज’ आणि ‘बिहाइंड द बंगलो’ ही दोन्ही पुस्तकं एकाच ग्रुपवर, एकही पान न वाचता.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी एकदा खिडकीच्या चौकटीवर मातीचं एक ढेकूळ पाहिलं. मी ते फोनवर झूम करून ओळखायच्या बेतात होतो. त्या म्हणाल्या, “राहू द्या दादा, कुंभारीण आहे ती. घर बांधतीय. पिल्लं निघाली की जाईल आपोआप.” मी विचारलं, आत काय ठेवते? त्या म्हणाल्या, “कोळी नेते धरून. मेलेले नसतात, नुसते गप पडतात.” अगदी बरोबर. ही गांधीलमाशी कोळ्याला डंख करून लुळं करते, मातीच्या खोलीत कोंबते, त्यावर अंडं घालून दार लिंपते. अळीला बाहेर येईपर्यंत ताजं अन्न मिळतं. ही माहिती मला ॲपवरून नाव मिळाल्यावर, मग इंग्रजी पान उघडल्यावर मिळाली असती. मावशींनी ती कणीक मळता मळता दिली. माझ्या नोंदीत ‘ओळखणारा’ या रकान्यात मात्र त्यांना जागा नाही, कारण त्यांचं खातं नाही.

ट्रिपमध्येही हेच होतं. भिगवणला आपण फ्लेमिंगो बघायला जातो. ते पाणी उजनी धरणाचं, भीमेवरचं. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्यात गावं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचेही आपण फोटो काढतो. एका सकाळी आमचे नावाडी काका, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, “तुम्ही आता फोटू काढताय ना दादा, तितं आमच्या आज्याचं शेत हुतं.” नावेतले दोघे ‘अच्छा’ म्हणाले आणि परत लेन्समध्ये बघू लागले. त्या दिवशीच्या सगळ्या पोस्टमध्ये पक्ष्यांची इंग्रजी आणि शास्त्रीय नावं होती. पक्षी कुठे बसतात, कितपत जवळ जायचं, इंजिन कधी बंद करायचं, हे ज्याला ठाऊक होतं, तो ‘लोकल बोटमन’ होता.

भंडारदऱ्याची गोष्ट वेगळी नाही. काजव्यांची झाडं महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या आजूबाजूला आहेत. आपल्यासाठी तो एका रात्रीचा कार्यक्रम आहे. त्यांच्यासाठी ते पेरणीच्या तोंडचे दिवस असतात, आणि त्याच रात्री रस्ता गाड्यांनी तुंबलेला असतो. काही घरांना जेवण-राहण्याचे चार पैसे मिळतात, हेही खरं, आणि ते वाढावेत. पण ट्रिपच्या वर्णनात ती घरं कायम ‘मस्त पिठलं-भाकरी’ एवढ्यापुरतीच येतात. बंगल्याच्या मागच्या खोलीसारखी.

मग करायचं काय

मराठीत याला एक चांगला पर्याय लिहून ठेवलेला आहे. मारुती चितमपल्लींनी वन खात्यात अनेक वर्षं नोकरी केली. म्हणजे तेही सरकारी माणूस, एटकेनसारखेच. पण त्यांच्या पुस्तकांत जंगलाची माहिती कुणाकडून मिळाली, हे जागोजागी येतं. गोंड, माडिया, पारधी माणसं तिथे नोंदीची विषय नाहीत, शिक्षक आहेत. त्यांचे शब्द चितमपल्ली मराठीत आणतात, आणि शब्द नसेल तिथे ‘सारंगागार’सारखा नवा घडवतात. पाणपक्ष्यांची वीण जिथे एकत्र होते, त्या जागेला इतकं सुंदर नाव क्वचितच मिळालं असेल. त्यांचं सगळंच लेखन मला सारखंच पटतं असं नाही. काही ठिकाणी ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांतली रेघ पुसट होते. पण ‘हे मला अमक्याने दाखवलं’ असं म्हणायला त्यांना कमीपणा वाटत नाही. एवढ्या एका सवयीने अख्ख्या लेखनाचा सूर बदलतो.

ही सवय आपल्याला लावून घेता येईल, आणि तिला पैसे लागत नाहीत. नोंदीत किंवा पोस्टमध्ये एक ओळ: कुणी दाखवलं, ते याला काय म्हणतात. आयनॅचरलिस्टवर टिपण लिहायचा रकाना आहे, तो रिकामाच असतो. माझ्या कुंभारणीच्या नोंदीत आता मावशींचा शब्द आणि ‘घरकामाला येणाऱ्या मावशींनी ओळखली’ असं वाक्य आहे. मी त्यांना विचारूनच लिहिलं. त्या म्हणाल्या, “लिहा की. त्यात काय?” रिसर्च ग्रेडला त्याने काही फरक पडत नाही. पुढे शब्द शोधणाऱ्याला पडेल.

दुसरी गोष्ट वेळेची. घरचं निरीक्षण म्हणजे रिकामटेकड्यांचं काम, असा एक आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. एटकेनकडे आरामखुर्ची होती, कारण घरात हमाल होता. माझ्याकडे दोन कुंड्यांसमोर बसायला सकाळची वीस मिनिटं असतात, कारण पोळ्या दुसरं कुणीतरी करत असतं. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण बागेतला बाक दुपारी सगळ्यांना मोकळा असावा, हे सोसायटीच्या बैठकीत उठून सांगणं, हा मला निसर्गप्रेमाचाच भाग वाटतो. बघायला बसायची जागा आधी हवी.

एटकेन वाचावा का? जरूर वाचा. फुलपाखराची दोन प्रकरणं आधी वाचा, त्याच क्रमाने. मग पाली आणि कोळी. विनोद अजून ताजा आहे, आणि आपल्याच मातीतल्या किड्यांवर इतकं रमून लिहिलेलं फार थोडं सापडतं. फक्त तिथे थांबू नका. लगेच ‘बिहाइंड द बंगलो’ उघडा आणि ‘आया’ किंवा ‘माळी’ वाचा. पहिल्या पुस्तकात ज्या सुरावर आपण हसलो, तोच सूर ओळखू येईल. नंतर चहा घेऊन बाल्कनीत या. पाल ट्यूबलाइटमागे असेल. ती किती वर्षांपासून तिथे राहते आणि तुमचा भाडेकरार किती महिन्यांचा आहे, हे एकदा मोजून बघा.